चिनी नाटकातलं ‘अहो’

दुबईतल्या मराठी मंडळाच्या एकांकिका स्पर्धेत यंदाचं पहिलं बक्षीस ‘मधली भिंत’ या जुन्या चिनी नाटकाच्या मराठी प्रयोगाला मिळालं. परीक्षक उभे राहिले, त्यांच्यामागे पहिली रांग उभी राहिली, आणि करंडक घेताना ईश्वरी साठ्येच्या डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं.

आता हे विसरून जायचं, कारण असं काही झालंच नाही. मंडळाच्या वार्षिक अहवालात त्या शनिवारी संध्याकाळी सहा पस्तीस ते सात वीस या वेळेत ‘चहापान’ झाल्याची नोंद आहे. म्हणजे चारशे माणसं पंचेचाळीस मिनिटं चहा पीत बसली होती आणि त्यातला एक कप इतका उत्तम निघाला की त्याला करंडक द्यावा लागला. अहवाल छापील आहे, त्यामुळे खरा तोच. राहता राहिलं ते एवढंच, की जे झालं नाही ते कसं झालं.

ईश्वरी मूळची पुण्याची. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात बाटल्यांची बुचं तयार होतात, तिथे ती क्वालिटी बघते. दिवसाला चार लाख बुचं तिच्या हाताखालून जातात. बूच घट्ट बसलंय ना, आतलं बाहेर येत नाही ना, एवढंच तिला बघायचं असतं. हेच काम ती घरी येऊनही करायची.

घर बर दुबईत होतं, एका बेडरूमचं, मीना बाजारच्या मागे. त्या घरात तिच्याबरोबर एडना तुस्कानो राहायची. एडना वसईची, जवळच्याच एका हॉटेलात फ्रंट डेस्कला. दोघी नऊ वर्षं एकत्र होत्या. पडदे कुठले, दूध कुठलं, कोणाच्या आईला कोणत्या दिवशी फोन, सगळं ठरलेलं होतं. पोह्यांत बटाटा घालावा की नाही हा एकच वाद शिल्लक होता, तोही दोघींनी जाणूनबुजून शिल्लक ठेवला होता. एवढ्या सगळ्या प्रकाराला नाव तेवढं नव्हतं. म्हणजे नाव होतं, पण ते ‘रूममेट’ होतं.

मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या बारशाला, ईश्वरी दर वर्षी तेच वाक्य म्हणायची. ही माझी रूममेट, एडना. यंदाच्या गणपतीत तिने ते म्हटलं आणि एडना समोरच्या वहिनींना म्हणाली, “नऊ वर्षं झाली हं मला. प्रोबेशन काही संपत नाही.” वहिनी खूप हसल्या. ईश्वरीही हसली, अर्धा सेकंद उशिरा.

या देशात काही गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात हे दोघींना ठाऊक होतं. त्या पुण्यात आणि वसईतही बोलून दाखवायच्या नसतात, त्यामुळे सवय आधीपासूनची होती. एडनाची तक्रार निराळी होती. गावभर दवंडी पिटायला ती सांगत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की तू ते वाक्य इतक्या सहज टाकतेस, की ऐकून ऐकून मलाच खरं वाटायला लागलंय.

त्यात हॉटेलवाल्यांनी दुबईबाहेर, उम्म अल कुवैनला समुद्राकाठी नवीन रिसॉर्ट काढलं. तिथे एडनाला फ्रंट ऑफिसची मुख्य करायचं ठरलं. पगार जास्त, राहायची खोली कंपनीची, आणि तिच्या साहेबाने, म्हणजे रॉयस्टनने, एक फॉर्म हातात दिला. जायचं असेल तर इथे सही. नसेल जायचं तर इथे कारण लिही. आणि कारणांत कंपनी मानते असं एकच, कौटुंबिक. एडनाने तो फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लावला. मुदत नोव्हेंबरातल्या एका सोमवारची होती.

“कौटुंबिक लिहायला कुटुंब लागतं गो,” ती म्हणाली. “रूममेटसाठी कोण बदली सोडतं?”

हे ती हॉटेलच्या आवाजात म्हणाली. खोली शिल्लक नाही हे गिऱ्हाइकाला सांगताना ती जो आवाज काढते, तो. ईश्वरी फ्रिजमधलं दही काढायला आली होती, ते न घेताच परत गेली.

आता नाटक. ईश्वरीला चिनी येतं. हे ऐकून लोक दचकतात, म्हणून ती लगेच सांगते की फक्त मशीनचं येतं. कारखान्यातली मशीनं चीनहून येतात आणि सोबतचं इंग्रजी मॅन्युअल असं असतं, की त्यातल्या सूचना पाळून दोन माणसांची बोटं जाता जाता राहिली. तेव्हा तिने तीन वर्षं क्लास लावून मूळ मॅन्युअल वाचायला शिकून घेतलं. परिणामी चिनीत तिला ‘भाजी कशी दिली’ एवढं विचारता येत नाही, पण ‘दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडू नये’ हे ती आठ प्रकारे सांगू शकते.

मार्चमध्ये नवीन मशीन बसवायला चीनहून एक बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, कानामागे पेन. साचा जुळवताना त्या गुणगुणायच्या. वर जाऊन तिथेच लटकून राहणारी एक तान होती. ईश्वरीने विचारलं, हे कुठल्या मशीनचं? बाई म्हणाल्या, नाटकाचं. त्यांची आजी बायकांच्याच नाटक कंपनीत होती आणि जन्मभर पुरुषांची कामं करत होती. सेनापती, पंडित, दोनदा सम्राट. ईश्वरीला हे समजायला जड गेलं नाही. आपल्याकडे बाप्ये मिशा उतरवून शालू नेसायचे, तिकडे बायका दाढ्या चिकटवायच्या, एवढाच फरक. आजीच्या कंपनीतलं एक जुनं नाटक हाताने उतरवलेलं घरात उरलं होतं. पहिलं पान फाटल्यामुळे त्याला नाव नव्हतं आणि लेखकही नव्हता. बाईंनी घरून फोटो मागवून सगळी पानं ईश्वरीच्या फोनवर पाठवली, आणि पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडून, त्या दोघी एकेक ओळ लावत बसल्या.

गोष्ट अशी. एका न्यायाधीशाच्या घराला लागून एका तरुण विधवेचं घर आहे, मध्ये उंच भिंत आहे. विधवा संध्याकाळी बासरी वाजवते. भिंतीअलीकडे न्यायाधीशाची मुलगी आपल्या तंतुवाद्यावर त्याला उत्तर देते. तीन वर्षं हे चालतं. दोघींनी एकमेकींना पाहिलेलंही नाही. मग मुलीचं लग्न मिठाच्या एका व्यापाऱ्याशी ठरतं, तेव्हा विधवा मेलेल्या नवऱ्याची सरकारी टोपी घालून कोर्टात हजर होते आणि दावा लावते, की या मुलीचं लग्न आधीच झालेलं आहे, माझ्याशी, भिंतीतून. न्यायाधीश साक्षीदार मागतात. विधवा भिंतीचं नाव देते. भिंतीला समन्स जातं.

ईश्वरीने बाईंना विचारलं होतं, या दोघी एकमेकींच्या कोण? मैत्रिणी की मानलेल्या बहिणी? नट आणि बोल्ट यांतला फरक विचारावा तसं बाईंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, नवरा-बायको. मग म्हणाल्या, दोघी बायको. मग डबा बंद करत म्हणाल्या, असतं जुन्या नाटकांत असं, लोक बघतात, रडतात, घरी जाऊन जेवतात, तुझी अडचण काय आहे?

अडचण काहीच नव्हती. ईश्वरी त्या दुपारी चार लाख बुचांकडे पाहत उभी राहिली आणि तिला उगाचच मान ताठ झाल्यासारखं वाटायला लागलं. शे-दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी शाई उगाळून हे लिहून ठेवलं होतं. नंतर कोणाच्या तरी आजीने ते उतरवून घेतलं होतं. ते बूच लावून ठेवावं असं मधल्या एवढ्या माणसांत कोणालाही वाटलं नव्हतं.

तिने ते मराठीत आणलं आणि ‘मधली भिंत’ हे नावही स्वतःच दिलं. पहिल्या मसुद्यात मशीनचं चिनी मधूनमधून वर येत होतं. ‘दोघी प्रथमच एकमेकींकडे बघतात’ याच्यापुढे ‘तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे’ असं पडलं होतं. एडनाने वाचलं आणि म्हणाली, हे राहू दे, बरोबर आहे.

विधवेचं काम एडनाचंच होतं, त्यात चर्चा नव्हती. वसईला चर्चच्या अंगणात नाटकं करत ती वाढली. सातव्या वर्षी तिने नाताळच्या नाटकात मेंढीचं काम करून टाळी घेतली होती. न्यायाधीश झाला सिद्धांत, एका बँकेत संगणक सांभाळणारा पोरगेला इंजिनियर, ज्याला दाढी चिकटवल्यावर शिंका यायच्या. भिंत म्हणून डबल-डोअर फ्रिजचं खोकं मिळालं. मुलीच्या कामाला मात्र कोणी मिळेना, तालमी सुट्टीच्या सकाळी होत्या म्हणून. शेवटी ईश्वरी स्वतःच उभी राहिली. शाळेत असताना तिने एकदा झाडाचं काम केलं होतं, तेवढ्या अनुभवावर.

आणि मग संहिता राजाभाऊंकडे गेली.

राजाभाऊ मंडळाचे सांस्कृतिक कार्यवाह, एकोणीस वर्षांपासून. माणूस मनाने सरळ, स्वभावाने लाल शाई. प्रत्येक संहिता त्यांच्याकडून तपासून जायची आणि कोणतीही संहिता त्यांच्याकडून होती तशी परत येत नसे, कारण ती तशी आली तर त्यांनी वाचली नाही असं लोकांना वाटलं असतं. ईश्वरीला त्यांनी ऑफिसात बोलावलं. ती घाबरत गेली. तिला वाटलं, माणसाला कळलं असणार. राजाभाऊ चष्मा पुसत म्हणाले की कल्पना नवीन आहे, चीनचं नाटक मंडळात प्रथमच येतंय, मोठ्या अभिमानाची गोष्ट आहे, पण तीन त्रुटी आहेत. एक, ‘प्रेम’ हा शब्द चौदा वेळा आलाय, फॅमिली ऑडियन्स आहे, तिथे ‘स्नेह’ करा. दोन, कोर्टातलं वाक्य फार लांब आहे.

तिसरी त्रुटी त्यांना सगळ्यात जास्त खुपली होती. “क्लासिकल नाटक आहे हे, ईश्वरी,” ते म्हणाले. “न्यायाधीशाची मुलगी आणि सरकारी अधिकाऱ्याची विधवा, आणि भाषा काय? अगं, तूगं! भाजी घेतायत का त्या? दर्जा पाहिजे. अहो-जाहो करा.”

ईश्वरी काही बोलायच्या आत त्यांनी सांगितलं की तिला त्रास नको म्हणून त्यांनी स्वतःच करून टाकलंय, संगणकावर, फाइंड-अँड-रिप्लेस मारून. ‘अगं’च्या जागी ‘अहो’, त्रेसष्ट ठिकाणी. ‘तू’च्या जागी ‘तुम्ही’. खलास. पानोपान तपासून खाली सही केली होती, शिक्कासुद्धा मारला होता.

संगणक हा आज्ञाधारक प्राणी आहे. त्याने नाटकातला प्रत्येक ‘तू’ शोधून काढला, जिथे नव्हता तिथलाही. विधवा पेटी पुढे करून म्हणत होती, “या मौल्यवान वस्तुम्ही सांभाळा.” मुलीचा बाप विचारत होता, “यामागे आपला हेतुम्ही काय?” मोलकरणीच्या तोंडचं ‘अगंबाई’ जाऊन ‘अहोबाई’ आलं होतं, आणि पहिल्या प्रवेशात भातावर तुम्हीप वाढलं जात होतं. सर्वनामं बदलली होती, पण क्रियापदं जागची हलली नव्हती. ‘तुम्ही कधी येशील’, ‘तुम्ही माझी आहेस’. हे दुरुस्त करणं ईश्वरीकडे आलं. दोन संध्याकाळी बसून तिने एकेक क्रियापद स्वतःच्या हाताने वर चढवलं. येशीलचं याल केलं, ऐकतेसचं ऐकता केलं, माझी आहेसचं माझ्या आहात. काम करताना ती फक्त व्याकरण बघत होती. बुचं बघते तशी.

रविवारी सकाळी एडना चहा घेऊन ओट्याला टेकून आपली वाक्यं पाठ करत होती. ईश्वरी आत कपाटातून चादर काढत होती.

“अहो,” एडना म्हणाली. “आहात ना पलीकडे?”

“आले, आले,” ईश्वरी आतून म्हणाली.

आणि दोघी जिथे होत्या तिथेच थांबल्या. चादर अर्धी कपाटात राहिली. मग ईश्वरी दारात आली. एडनाने हातातल्या कागदावरचं ते वाक्य पुन्हा पाहिलं, मग पान उलटून पुढचं पाहिलं, मग त्याच्या पुढचं, आणि तिचा चेहरा हळूहळू साध्या खोलीच्या भाड्यात चुकून आलिशान सूट मिळालेल्या पाहुण्यासारखा झाला.

“ह्या माणसाला कळलंय का, काय केलंय त्याने?”

“नाही.”

“सांगायचं?”

“सांस्कृतिक कार्यवाहांचा लेखी आदेश आहे,” ईश्वरी म्हणाली. “तो मोडणाऱ्या आपण कोण?”

त्या दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खतीजाआपांनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना असं विचारलं. मराठीत एखादी बाई दुसऱ्या बाईला ‘अगं’ म्हणते तेव्हा ती तिची कोणीही असू शकते. पण नाव न घेता, दिवसातून वीस वेळा, वर न बघता ‘अहो’ म्हणायचं, तर जगात त्यासाठी एकच माणूस असतं. राजाभाऊंनी दर्जा वाढवता वाढवता दोघींचं लग्न लावून टाकलं होतं, तेही त्रेसष्ट वेळा.

पण हसणं संपल्यावर एडनाने चहाचा कप विसळला आणि फ्रिजकडे न बघता म्हणाली की नाटकात काय, नाटकात कोणीही कोणाला काहीही म्हणतं. मेंढीपण झाले होते मी. फॉर्म जागचा हलला नाही.

प्रयोगाच्या शनिवारी भाड्याने घेतलेलं शाळेचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत मुंबईहून आलेले परीक्षक, त्यांच्या शेजारी राजाभाऊंच्या पत्नी अनुपमा वहिनी. राजाभाऊ विंगेत संहिता घेऊन उभे होते, कोणी वाक्य विसरलं तर सांगायला. कोणी विसरलं नाही तरी ते सांगायचे.

नाटक चांगलं चाललं. एडना सरकारी टोपी घालून आली तेव्हा मागच्या रांगेतल्या कोणीतरी शिट्टी मारली आणि तिने न्यायाधीशाऐवजी त्याला मुजरा केला. भिंतीला शपथ दिली तेव्हा हशा आला. सिद्धांतला दोनच शिंका आल्या. ‘अहो’मागून ‘अहो’ जात होतं आणि लोक ते जुन्या काळची अदब म्हणून ऐकत होते, कारण ईश्वरी ते तसंच म्हणत होती. नीट, स्वच्छ, बूच लावल्यासारखं.

मग कोर्टाचा शेवट आला. सिद्धांतने दाढी सावरली आणि मुलीला विचारलं, “भिंत बोलत नाही. तुम्ही सांगा. या तुमच्या कोण?”

मूळ चिनीत इथे उत्तर होतं, ‘ज्यांना माझा सूर कळतो, त्या’. त्यावर ईश्वरीने तीन आठवडे घालवले होते. राजाभाऊंना ते लांब वाटलं म्हणून त्यांनी ‘स्नेही’ केलं होतं. ईश्वरीला एवढंच म्हणायचं होतं, या माझ्या स्नेही. तीन शब्द. तिने तोंड उघडलं आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला, ही माझी रूममेट, एडना. तेच वाक्य, नुसता पोशाख बदललेलं. समोर एडना टोपी घालून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हॉटेलचं हसू यायला लागलं होतं. खोली शिल्लक नाही, त्याच्या आधीचं.

विंगेतून राजाभाऊ कुजबुजले, स्नेही. मग जरा मोठ्याने, स्नेही, स्नेही. दुसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

ईश्वरी न्यायाधीशाकडे पाठ करून वळली, पदर खांद्यावर घेतला, आणि एडनाकडे नीटसं न बघता, खालच्या आवाजात म्हणाली,

“अहो, चला. घरी जाऊ या.”

हे वाक्य संहितेत नव्हतं. त्यातला ‘अहो’ मात्र मंजूर होता. पण तो कसा आला, हे महत्त्वाचं. ‘हो’ किंचित ओढलेला, हाक अजिबात नाही, आर्जव नाही, अदब तर नाहीच. लग्नाच्या हॉलमध्ये जेवण झाल्यावर, पाहुण्यांच्या गराड्यात, ज्या आवाजात तो म्हटला जातो आणि जो फक्त एकाच कानाला जातो, तो ‘अहो’.

सभागृहातले अकरा नवरे उठून उभे राहिले. काहींचा हात खिशात गाडीच्या किल्लीकडे गेला होता. एकाने खुर्चीखालची पिशवीसुद्धा उचलली. आणि विंगेतून, संहिता हातात धरलेले सांस्कृतिक कार्यवाह, एकतीस वर्षांच्या सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाले, “आलो, आलो!”

त्यानंतर जी शांतता पसरली ती मंडळाच्या इतिहासात एकदाच, बिर्याणी संपली तेव्हा पसरली होती. अकरा नवरे एकमेकांकडे पाहत हळूहळू खाली बसले. बायका बसून होत्या. त्यांना सगळ्यांना कळलं होतं. कळलं म्हणजे काय, त्यांना ओळखू आलं होतं. आपल्याच स्वयंपाकघरातला आवाज दुसऱ्या कोणाच्या तोंडून यावा आणि तो खरा निघावा.

एडनाचं हॉटेलचं हसू गेलं होतं. तिने टोपी काढली, काखेत मारली. पुढे तिची दोन पानांची भाषणबाजी होती. भिंत, चंद्र, पूर्वजन्म वगैरे. ती सगळी सोडून ती म्हणाली, “आले.”

आणि दोघी खोक्याच्या भिंतीला वळसा घालून निघून गेल्या. सिद्धांत मंचावर एकटा राहिला. त्याने प्रसंगावधान राखून, शिंक दाबत, निकाल वाचून टाकला, की भिंत पाडावी आणि दोन्ही घरांची नोंद एक घर म्हणून करावी. पहिली टाळी अनुपमा वहिनींची होती. पुढचं वर आलेलंच आहे, आणि तेही झालेलं नाही.

बक्षिसानंतर राजाभाऊ मेकअपच्या खोलीत आले. त्यांचा चेहरा खालून वर लाल होत चालला होता. ते म्हणाले की ते जे अहो होतं, ते, म्हणजे, त्या अर्थाने. ईश्वरी उठून उभी राहिली. नऊ वर्षांत प्रथमच तिला बूच कुठे ठेवलंय ते आठवत नव्हतं, आणि ती ते शोधतही नव्हती. तिने सांगितलं की दुरुस्ती आपलीच आहे राजाभाऊ, पानोपान आपली सही आहे, शिक्का आहे, मी फक्त क्रियापदं केली. राजाभाऊ एडनाकडे वळले. एडना म्हणाली, “दर्जा आला ना पण?”

मागून अनुपमा वहिनी आल्या. नवऱ्याला बाजूला करून त्यांनी ईश्वरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्याने काजळ पुसलं.

“एकतीस वर्षं म्हणतेय मी,” त्या म्हणाल्या. “इतकं नीट नाही हो जमलं कधी.” मग एडनाकडे वळून, त्याच आवाजात, “जेवायला या दोघी. तुमच्याकडचं लोणचं आणा.” आणि दाराकडे जाता जाता, मागे न बघता, “अहो.”

राजाभाऊ गेले.

सोमवारी एडनाने चुंबक बाजूला करून फॉर्म घेतला, ‘कौटुंबिक’वर खूण केली आणि ओट्यावर ठेवूनच सही केली. ईश्वरी शेजारी उभी राहून बघत होती, क्वालिटीवाल्यासारखी. रिसॉर्टवर तिच्याऐवजी डेस्कवरचाच व्हिवियन गेला, त्याला समुद्र हवाच होता. रॉयस्टनने फॉर्म घेतला, वाचला, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला की एचआरला फाइलमध्ये लावायला काहीतरी कागद लागतो, शिक्का असलेला कुठलाही चालेल, कोणी बघत नाही. एडनाने घरी येऊन हे सांगितलं. आपल्याकडे असा कुठला कागद आहे, यावर दोघींनी बराच विचार केला. मग ईश्वरीने लॅपटॉप उघडला आणि तिच्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम मराठी त्या रात्रीच्या जेवणाआधी लिहून, छापून, दोघींच्या सह्यांनिशी पाठवलं.

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यवाह

विषय : एकमेकींस ‘अहो’ म्हणत असल्याबाबत दाखला मिळणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आम्ही खाली सही करणाऱ्या दोघी गेली नऊ वर्षे एकाच पत्त्यावर राहत असून, आपल्या लेखी व शिक्कांकित आदेशान्वये एकमेकींस ‘अहो’ असे संबोधू लागलो आहोत. सदर आदेश प्रयोगापुरता मर्यादित असल्याचा उल्लेख त्यात कोठेही आढळत नाही. सबब तो कायमस्वरूपी लागू आहे असे आम्ही समजत आहोत. तरी एकीने ‘अहो’ म्हटले असता दुसरी घरातील कोणत्याही खोलीतून ‘आले’ असे उत्तर देते, याची मंडळाने कोणत्याही रविवारी सकाळी समक्ष येऊन खात्री करावी, व तसा दाखला दोन प्रतींत आम्हांस द्यावा. दाखल्यातील ‘नाते’ या शब्दापुढील जागा रिकामी सोडू नये, तसेच तेथे ‘स्नेही’ असे लिहू नये, ही नम्र विनंती.